जॅकवर घेतली की सरकते: साइड-बाय-साइडचं चाक डोंगरात बदलताना

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्सच्या उत्तरेला, लेक प्लेझंटपासून क्राउन किंगपर्यंत, ब्रॅडशॉ डोंगरातून एक खडकाळ वाट चढत जाते. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्या वाटेवर माझ्या चार सीटच्या साइड-बाय-साइडचा, म्हणजे डोंगरवाटांवर चालवायच्या छोट्या उघड्या गाडीचा, मागचा उजवा टायर बाजूनं फाटला. बोट आत जाईल एवढी चीर, म्हणजे पंक्चर काढण्याचा प्रश्नच नव्हता. म्हटलं, स्टेपनी आहे, जॅक आहे, वीस मिनिटांचं काम. कारसारखा सिझर जॅक पोटाखालच्या स्किड प्लेटला (तळ जपणाऱ्या आवरणाला) लावला आणि फिरवत राहिलो. बॉडी वर येत होती, चाक मात्र जमिनीला चिकटलेलंच. जॅक शेवटच्या आट्यावर आला तेव्हा कुठं ते कसंबसं सुटलं. नट काढले, चाक ओढून बाजूला टाकलं, स्टेपनी घ्यायला वळलो आणि मागं ‘खट्ट’ झालं. जॅक आडवा पडलेला, ब्रेकची डिस्क खडीत रुतलेली, आणि जिथं थोड्या वेळापूर्वी माझा गुडघा होता तिथं ट्रेलिंग आर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, टेकलेला.

बरोबरचा मित्र सांगलीचा. तो शांतपणे म्हणाला, “काढलेलं चाक खाली का नाही सरकवलंस रे?” खरंच होतं. आपल्याकडं हायवेवरचा टायरवालासुद्धा ट्रकचं चाक उतरवलं की पहिल्यांदा तेच चाक चासीखाली ढकलतो, मग बिडी पेटवतो. मी इथं येऊन ते विसरलो होतो.

तरीही हा प्रकार माझ्या बाबतीत पहिलाच नव्हता. त्याआधी दोनदा जॅक तिरपा झाला होता, एकदा वाळूत बसला होता. दर वेळी मी दोष जॅकला दिला आणि नवा जॅक घेतला. गॅरेजमध्ये आता चार आहेत. दुखणं वेगळीकडंच होतं. ही मशीन उचलायची पद्धतच कारपेक्षा आणि जीपपेक्षा निराळी आहे. मी ती फार उंच उचलत होतो, आणि उंच उचलावं लागत होतं कारण चुकीच्या जागी धरत होतो.

आधी बघा, जॅक लागतोय का

खिळा किंवा काटा रुतून झालेलं साधं पंक्चर चाक जागेवर ठेवूनच निघतं. मशीन वीतभर पुढं-मागं घेऊन भोक वरच्या बाजूला आणा, त्यात पंक्चरची रबरी दोरी भरा, छोट्या कंप्रेसरनं हवा मारा. सीव्हीटीचा, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडं नेणारा, रबरी पट्टा तुटला असेल तर बहुतेक मशीनींत तो चाक न उचलता बदलता येतो. आणि टायर फाटलाच असेल, पण पन्नास पावलांवर सपाट जागा दिसत असेल, तर त्याच फाटक्या टायरवर हळूहळू तिथं जा. टायर तसाही गेलेलाच आहे. उतारावर जॅक लावण्यापेक्षा एखाद्या रिमवर ओरखडा आलेला परवडला.

चाक सुटतच नाही

सगळ्यात जास्त छळणारी अडचण ही, आणि बाकीच्या बऱ्याच अडचणी हिच्याच पोटी जन्मतात.

बोलेरो किंवा थारवर हात बसलेल्या माणसाला मागचं चाक बदलायचं म्हटलं की जॅक एक्सलच्या हाउसिंगखाली लावायची सवय असते. दोन्ही चाकं एकाच जाड दांड्याला जोडलेली, दांडा दोन इंच वर गेला की चाक सुटलं. साइड-बाय-साइडला असा दांडा नसतो. प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर स्वतंत्र लोंबतं, आणि चाकाकडं जाणारा जो बारीक शाफ्ट दिसतो त्याला रबरी बूट असतात. त्या शाफ्टखाली जॅक कधीही लावायचा नाही. बूट फाटला की जॉइंटमध्ये वाळू शिरते आणि तो जॉइंट लवकरच निकामी होतो.

आता सस्पेन्शनचा हिशोब बघा. पोलारिसच्या आरझेडआर एक्सपी १००० या मशीनला पुढं १६ आणि मागं १८ इंच सस्पेन्शन ट्रॅव्हल आहे, म्हणजे चाक एवढं वर-खाली होऊ शकतं. कॅन-अॅमच्या मॅव्हरिक एक्स-३ मध्ये तर याहून जास्त ट्रॅव्हलची मॉडेल्स आहेत. मशीन उभी असते तेव्हा स्वतःच्या वजनानं ती त्यातला काही भाग दाबून बसलेली असते. तुम्ही चासी उचलायला लागलात की स्प्रिंग मोकळे होतात आणि चाक खाली लोंबत जातं. बॉडी वर जाते, चाक तिथंच राहतं.

मी घरी टेप लावून मोजलं. सपाट फरशीवर उभ्या मशीनच्या मागच्या हबपासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर घेतलं, मग चासी उचलून चाक पूर्ण लोंबल्यावर तेच अंतर पुन्हा घेतलं. फरक सात इंचांचा निघाला. म्हणजे चासीखाली जॅक लावला तर पहिले सात इंच नुसते स्प्रिंग मोकळे करण्यात जातात. त्यात हवा भरलेली स्टेपनी बसवायला आणखी दोन-तीन इंच फट हवी, कारण फाटका टायर चपटा असतो आणि नवा गोल. हे झाले नऊ-दहा इंच. एवढ्या उंचीवर सिझर जॅकचे दोन्ही पाय शेवटपर्यंत ताणलेले असतात, आणि तो नेमका तिथंच सगळ्यात कमकुवत आणि डुगडुगता असतो. माझा तसाच पडला.

यावर दोन उपाय आहेत.

पहिला: चासी सोडा, चाकाच्या जितक्या जवळ जाता येईल तितक्या जवळ आर्मखाली जॅक लावा. मागं ट्रेलिंग आर्मचं हबजवळचं टोक, पुढं खालच्या ए-आर्मचं (पुढचं चाक धरणाऱ्या ए आकाराच्या दांड्याचं) बाहेरचं टोक. असं धरलं की चाक आर्मबरोबरच वर येतं, स्प्रिंग लोंबायला जागाच उरत नाही. तीन-चार इंचांत काम होतं, बॉडी फारशी हलत नाही आणि मशीनचं वजन खालीच राहतं. अडचण एवढीच की आर्मचा नळ गोल आणि तिरपा असतो, त्यामुळं जॅकचं सपाट डोकं त्याच्यावरून घसरतं. मी एका लाकडी ठोकळ्याला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडली, खाचेत जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आणि तो ठोकळा जॅकच्या डोक्यावर पक्का बसेल असा खालून कोरला. नळ खाचेत बसतो, रबर धरून ठेवतं. बॉल जॉइंट, ब्रेकची नळी आणि शॉक अॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट यांच्यावर भार येत नाही ना, हे वाकून डोळ्यांनी बघायचं. नुसता हात घालून चाचपून चालत नाही.

टायर पूर्ण बसलेला असला की आर्मखाली जागा फार थोडी उरते. बॉटल जॅक बंद अवस्थेतसुद्धा सात-आठ इंच उंच असतो, तो शिरतच नाही. सिझर जॅक मात्र चार-पाच इंचांवर येतो, म्हणून या कामाला तोच बरा. म्हणजे मी फेकून द्यायला निघालो होतो तोच जॅक अखेर उपयोगी पडला.

दुसरा उपाय रॅचेट पट्ट्याचा, म्हणजे सामान कसून बांधायच्या पट्ट्याचा. आर्म वाकलेला असेल किंवा आर्मचंच काम असेल तर चासीच उचलावी लागते. मग जॅक लावण्याआधी आर्मला पट्ट्याचा वेढा घालायचा, दुसरं टोक वर चासीच्या किंवा केजच्या (सीटवरच्या नळ्यांच्या सांगाड्याच्या) मजबूत नळीला गुंडाळायचं आणि रॅचेट कसायचं. आता बॉडी उचलली की चाक तिच्याबरोबर टांगलेलंच वर येतं. पट्टा ब्रेकच्या नळीवरून, वायरवरून किंवा धारदार कडेवरून जाऊ द्यायचा नाही. त्या पट्ट्यात स्प्रिंगचा सगळा जोर अडकलेला असतो, तेव्हा तो ताणलेला असताना त्याच्या रेषेत तोंड आणू नका.

एवढं करूनही इंचभर कमी पडत असेल तर मशीन आणखी वर नेण्यापेक्षा चाकाखालची माती काढा. चासीखाली आधार पक्का द्या आणि लांब दांड्याच्या खुरप्यानं बाहेरच्या बाजूनं उकरा. वाळूत हे पाच मिनिटांत होतं.

जॅक तिरपा होतो

याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक, पोटाखालची प्लास्टिकची स्किड प्लेट. दगडावरून सहज घसरावी म्हणूनच ती बनवलेली असते, मग जॅकवरूनही ती घसरणारच. त्यावर चिखल किंवा तेल असेल तर विचारूच नका. प्लेटच्या मागं चासीची नळी कुठून जाते ते घरी बघून ठेवा आणि त्या जागी पेंटनं खूण करा. माझ्या मशीनवर पिवळे चार ठिपके आहेत. बायको विचारते, हे कुंकू कशाला? पण डोंगरात अंधार पडल्यावर हेच ठिपके टॉर्चमध्ये दिसतात.

दुसरं कारण असं, की एक कोपरा वर जातो तेव्हा तो सरळ रेषेत जात नाही. बाकीच्या चाकांवर मशीन किंचित वळते, आर्म आपल्या बिजागरीभोवती कमानीत फिरतो, आणि जॅकचं डोकं त्यांच्या मागं ओढलं जातं, पाय मात्र जागेवरच. दर दोन इंचांनी थांबून दुरून बघा. जॅक उभा दिसत नसेल तर खाली घ्या आणि पाय सरकवून पुन्हा लावा. हातोड्यानं ठोकून जॅक सरळ करणारी माणसं मी बघितली आहेत, त्यांच्या जवळ मी थांबत नाही.

बॅटरीवरच्या इम्पॅक्ट पान्यानं सिझर जॅक फिरवायची इथं फार हौस आहे. पटकन वर जातो हे खरं. पण हातानं फिरवताना जॅक कधी जड लागतो, कधी कुरकुरतो, ते मनगटाला कळतं. इम्पॅक्टनं फिरवताना ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. भार यायला लागला की पुढचं काम हातानं करावं.

जॅक वाळूत बसतो

ॲरिझोनात पावसाळी ओढ्यांची कोरडी पात्रं असतात, इथं त्यांना वॉश म्हणतात. वाटा बऱ्याचदा त्यातूनच जातात. बाजूच्या डोंगरात ग्रॅनाइट झिजून झालेली खडी असते, ती पायाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखी घरंगळते. दोन्ही ठिकाणी जॅकला फळी लागतेच.

का लागते ते साध्या भागाकारानं कळतं. एका कोपऱ्यावर ३०० किलो भार धरू. जॅकचा पाय ४ बाय ५ इंच, म्हणजे २० चौरस इंच. दर चौरस इंचावर १५ किलो आले. तोच जॅक १२ बाय १२ इंच फळीवर ठेवला तर १४४ चौरस इंच, म्हणजे जेमतेम २ किलो. पाऊण इंच जाडीचा प्लायवूडचा तुकडा पुरतो, फक्त त्याच्या मधोमध जॅकच्या पायाभोवती चार पट्ट्या ठोकून चौकट करा, नाहीतर जॅक फळीवरूनच सरकतो. खडी असेल तर वरचा सैल थर बुटानं बाजूला करून घट्ट जमीन लागल्यावर फळी ठेवा. दगडावर दगड रचून उंची वाढवायच्या फंदात पडू नका, भार आला की ते फुटतात किंवा उडतात.

गाडीच पुढं-मागं सरकते

बऱ्याच साइड-बाय-साइडना हँडब्रेक नसतो, गिअरच्या दांड्यावर फक्त पी (पार्क) असतो. हा पी गिअरबॉक्स अडवतो. तो किती धरून ठेवेल हे मागची चाकं एकमेकांना कशी जोडली आहेत यावर ठरतं.

स्पोर्ट मशीनींत बहुधा मागची दोन्ही चाकं कायम एकत्र बांधलेली असतात. एक उचललं तरी दुसरं अडकलेलंच राहतं. पण शेतकामाच्या मशीनींत मागचा डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारी यंत्रणा) मोकळा करायचं बटण असतं, हिरवळ खराब होऊ नये म्हणून. ते बटण तसंच राहिलं आणि मागचं एक चाक उचललं, तर पी असूनही जमिनीवरचं चाक फिरू शकतं, कारण हवेतलं चाक उलटं फिरून त्याला वाट करून देतं. डिफरन्शिअल लॉक करा, मगच जॅकला हात लावा. आणि मागची दोन्ही चाकं एकदम उचलली तर पी असून नसून सारखाच. फोर व्हील ड्राइव्ह लावलाय म्हणून पुढची चाकं धरतील असं समजू नका. पुढचा डिफरन्शिअल विजेवर गुंतणाऱ्या मशीनींत चावी बंद केली की तो सुटतो.

म्हणून भरवसा दगडांवर. जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून, दोन्हीकडं चांगला धरणारा दगड बुटानं ठोकून लावा. गोल धोंडा नको, चपटा आणि कोपऱ्याचा बघा. इथल्या वाळवंटात दगड उचलताना आधी पायानं उलथा, खाली विंचू किंवा साप असू शकतो. उतार असेल आणि विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) असेल तर दोर वरच्या बाजूच्या भक्कम खडकाला बांधून हलका ताण ठेवा. इंजिन बंद, चावी खिशात, मशीनमध्ये कुणी बसलेलं नको. मुलांना “तुम्ही बसा आत, बाहेर ऊन आहे” म्हणायचा मोह होतो. त्यांना झाडाच्या नाहीतर खडकाच्या सावलीला पाठवा.

मशीन आडव्या उतारावर तिरपी उभी असेल आणि फुटलेलं चाक चढाच्या बाजूचं असेल, तर तिथं जॅक लावूच नका. चढाची बाजू उचलली की मशीन आधीच झुकलेल्या दिशेला आणखी झुकते. अशा वेळी विंचनं किंवा मित्राच्या मशीननं ओढून नाक उताराला सरळ करून घ्या.

उंच जॅकबद्दल

लांब दांडीच्या, दात्यांच्या उंच जॅकचं इथं भारी आकर्षण. फोटोत छान दिसतो. मी तो न्यायचं बंद केलं. चार फुटी जॅक जवळपास १३ किलोचा, आणि त्याला धरायला बंपर किंवा साइडची भक्कम नळी लागते. वर घेताना हलकी मशीन झोपाळ्यासारखी झुलते. खाली घेताना तर जास्त जपावं लागतं: त्याच्यावर पुरेसा भार नसेल तर तो टप्प्याटप्प्यानं न उतरता धाडकन खाली येतो. भार असताना हात सटकला तर हँडल आपोआप वर-खाली आपटायला लागतं. त्या हँडलच्या आणि दांडीच्या मध्ये डोकं असलेला माणूस नशीबवानच म्हणायचा, जर वाचला तर. तुमच्याकडं असेल आणि वापर अंगवळणी पडला असेल तर वापरा, पण हँडल सोडताना ते उभं करून अडकवलेलं असू द्या.

चाक निघाल्यावर

नट जॅक लावण्याआधीच, चाक जमिनीवर असताना, अर्धा आटा सैल करून ठेवलेले हवेत. हवेतल्या चाकावर पाना मारत बसलात तर प्रत्येक झटक्याबरोबर जॅक हलतो.

चाक निघालं की पहिलं काम ते आडवं करून चासीखाली ढकलणं. ३० बाय १० च्या टायरचं चाक आडवं ठेवलं की अंदाजे दहा इंचांचा ठोकळा होतो. जॅक घसरला तरी मशीन चाकावर बसते, डिस्क आणि तुमचे हात वाचतात. पहिल्या तीस सेकंदांत करायचं काम हेच, स्टेपनीचा पट्टा सोडणं नंतर. स्टेपनी आधीच काढून हाताशी ठेवली असेल तर उत्तम, चाक सुटायच्या आधीच तीच खाली ढकलता येते.

काम चाकापुरतं नसून खाली सरकून करायचं असेल, म्हणजे टाय रॉड किंवा आर्मचा बोल्ट, तर एका चाकाचा आधार पुरत नाही. लाकडी ठोकळे दोन आडवे, त्यांच्यावर दोन त्यांना काटकोनात आडवे, अशी चौकट रचा, मशीन तिच्यावर टेकवा आणि मगच खाली हात घाला. टेकवल्यावर केजला धरून जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा रचा. शरीर पूर्ण आत घालून करायचं काम असेल तर मी ते वाटेत करत नाही, मशीन ओढत नेतो.

आता सोबत काय असतं: सिझर जॅक, खाचेचा ठोकळा, चौकटीची फळी, सहा लाकडी ठोकळे, दोन रॅचेट पट्टे, हातमोजे आणि खुरपं. उन्हाळ्यात मागच्या ट्रेमधला जॅक हात भाजेल एवढा तापतो, म्हणून मोजे वरच ठेवतो. शनिवारी सकाळी गॅरेजसमोरच्या खडीत चारही चाकांवर एकदा तालीम केली, तेव्हा कळलं की पुढच्या डाव्या बाजूला माझा जॅक स्टिअरिंगच्या रॉडला अडतो. हे डोंगरात कळलं असतं तर शिव्याच घातल्या असत्या.

उतरवताना चासीखालचं चाक सगळ्यात शेवटी काढा, नवं चाक जमिनीच्या बोटभर वर असताना. ते ओढताना हात खाली घालू नका, पट्ट्याचा हुक रिममध्ये अडकवून बाहेरूनच ओढा. बहुतेक मशीनींच्या चाकाला चारच नट असतात, त्यामुळं एक जरी सैल राहिला तरी जाणवतं. निमुळती बाजू रिमकडं, समोरासमोरचे नट आळीपाळीनं, चाक टेकल्यावर मॅन्युअलमधल्या टॉर्कनं घट्ट. आठ-दहा मैल गेल्यावर थांबून पुन्हा एकदा पाना लावा.

आणि रॅचेट पट्टा सोडा. सांगलीच्या मित्रानं गेल्या हिवाळ्यात तो तसाच ठेवून अर्धा मैल मशीन चालवली. खाली उतरून म्हणतो, “शॉक गेला वाटतं, मागची बाजू लाकडासारखी झालीय.”